कपाळावरचा शिक्का पुसावयाचा कोणी?

हिंदुस्थान १५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वतंत्र झाला. पण त्या दिवशी आमच्या कंधारावर निजामाचाच अंमल चालू होता. मराठवाड्यास मुक्ती मिळाली ती १७ सप्टेंबर १९४८ रोजी, म्हणजे तेरा महिने व दोन दिवसांनी. या विलंबाचे शल्य मराठवाडेकरांच्या मनातून अद्याप गेलेले नाही, आणि ते जाऊही नये. परंतु आपल्या दुःखाचा हिशेब दिवसांनिशी ठेवणाऱ्या माणसाने शेजाऱ्याच्या दुःखाचा हिशेबही एकदा पाहावा, असे आम्हांस वाटते. याच देशात असेही लक्षावधी लोक होते की ज्यांची सुटका पंधरा ऑगस्टलाही झाली नाही आणि सतरा सप्टेंबरलाही झाली नाही. 'गुन्हेगार जमाती' हे नाव कायद्याने ज्यांच्या कपाळी डागले होते, त्यांस ३१ ऑगस्ट १९५२ पर्यंत वाट पाहावी लागली. स्वराज्य आल्यावरही पाच वर्षे व सोळा दिवस हे लोक जन्माने गुन्हेगारच होते! त्या दिवसापासून त्यांस 'विमुक्त' म्हणू लागले. दरवर्षी ३१ ऑगस्टला विमुक्त दिन येतो व जातो. आमच्या बाजारपेठेस मात्र तो आल्याचे कळत नाही आणि गेल्याचेही कळत नाही. आज आम्ही या विषयावर चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे, ते एवढ्याच हेतूने की, जो शिक्का सरकारने मारला व सरकारनेच पुसला, तो लोकांच्या मनातून अजून का पुसला जात नाही, आणि तो पुसण्याचे काम नेमके कोणाचे, याचा विचार आमच्या वाचकांनी करावा.

प्रथम तो कायदा काय होता ते पाहू. इंग्रज सरकारने १८७१ साली 'क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट' या नावाचा कायदा केला. आरंभी तो उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ साली त्याची व्याप्ती वाढवून मुंबई व मद्रास इलाखेही त्याच्या कक्षेत आणले गेले, आणि १९२४ साली त्यास अखेरचे रूप मिळाले. निजामाच्या राज्यातही याच धर्तीचा कायदा होता. या कायद्याचा गाभा असा की, एखादी जमात गुन्हे करण्यास सोकावली आहे असे सरकारास वाटले म्हणजे तशी जाहीर सूचना काढावयाची. की त्या जमातीत जन्मलेला प्रत्येक मनुष्य, त्याने आयुष्यात काडीही चोरलेली नसली तरी, पोलिसांच्या नोंदवहीत चढे. त्याने हजेरी द्यावयाची, परवान्यावाचून गाव सोडावयाचे नाही, आणि सरकार म्हणेल तेथे तारेच्या कुंपणाआड वसाहतीत राहावयाचे. आमच्या शेजारच्या सोलापुरातील 'सेटलमेंट' ही अशीच एक मोठी वसाहत होती. १८९७ च्या दुरुस्तीने तर लहान मुले आईबापांपासून तोडून सुधारगृहात ठेवण्याची मुभाही सरकारास दिली. आणि या सर्वांवर कडी म्हणजे, सरकारची ती सूचना योग्य की अयोग्य हे तपासण्याचा अधिकार न्यायासनासही नव्हता. ज्या शिक्षेविरुद्ध अपील नाही, जिचा आरोप नाही, पुरावा नाही आणि मुदतही नाही, अशी शिक्षा माणसाच्या कायद्यात ही एकच असावी.

आता कायद्याच्या इतिहासातील एका विसंगतीकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. हा कायदा झाला त्या वेळी व्हाइसरॉयच्या मंडळात कायद्याचे खाते सर जेम्स फिट्झजेम्स स्टीफन या विद्वान गृहस्थाकडे होते. याच स्टीफनने पुढच्याच वर्षी, म्हणजे १८७२ साली, हिंदुस्थानास पुराव्याचा कायदा दिला. त्या कायद्याचे एक तत्त्व असे की, फौजदारी खटल्यात आरोपीची चांगली वर्तणूक हा पुरावा म्हणून दाखल करता येतो. पण आरोपी वाईट चालीचा आहे एवढे म्हणून त्याच्याविरुद्ध पुरावा होत नाही. आरोपीने स्वतःच चांगल्या चालीचा पुरावा पुढे केला, तरच फिर्यादी पक्षास त्याचे खंडन करता येते. हे तत्त्व इतके पक्के ठरले की, दीडशे वर्षांनंतर जुना कायदा जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला, त्यातही ते कायम राहिले आहे. म्हणजे एकाच कायदेपंडिताच्या कारकिर्दीत एका हाताने असे लिहिले गेले की माणसाचे वाईट नाव हा पुरावाच नव्हे. आणि दुसऱ्या हाताने अख्ख्या जमातींस केवळ वाईट नावावरून आठ दशके शिक्षा भोगावयास लावले गेले. परक्या सरकारची ही विसंगती आपण सहज ओळखतो व तिजवर टीकाही करतो. पण तीच विसंगती आमच्या ओट्यावर, दुकानात व पारावर रोज घडत असते, तिचे काय?

बाजारातील न्याय हा पुराव्याच्या कायद्याच्या नेमका उलटा चालतो. तेथे वाईट नाव हा भक्कम पुरावा असतो आणि चांगल्या वर्तणुकीचा पुरावा दाखलच करून घेतला जात नाही. पारध्याच्या पोराने कोणाची कोंबडी पळवली तर 'जातीवर गेला' असे म्हणतात. त्याच पोराने रस्त्यात सापडलेले पाकीट धन्याला आणून दिले तर 'हा पोरगा त्यांच्यातला वाटत नाही' असे म्हणतात. पहिल्या प्रसंगी एकाच्या चुकीसाठी सारी जमात आरोपी ठरली. दुसऱ्या प्रसंगी एकाच्या चांगुलपणाचे श्रेय जमातीस मिळू नये म्हणून त्यालाच जमातीतून बाहेर काढले. वाण्याने मापात मारले, वकिलाने अशिलास बुडविले किंवा कारकुनाने लाच खाल्ली, तर आपण त्या त्या माणसाचे नाव घेऊन बोलतो. त्याच्या सात पिढ्या चोर ठरवीत नाही. मग हा न्याय पालात राहणाऱ्यालाच का नाही? याचे उत्तर एवढेच की, दुकानदारास व वकिलास आपण रोज भेटतो, त्यांच्यातला बरा कोण व वाईट कोण हे आपल्यास ठाऊक असते. पालातल्या माणसाची ओळखच नसल्यामुळे त्याच्या जागी आपण एक शब्द बसवितो, आणि त्या शब्दाशीच व्यवहार करतो.

या शब्दांचा प्रताप पाहावयाचा तर दूर जावयास नको. आमच्या मराठी भाषेचा कोशच साक्षीस उभा आहे. 'भामटा' हे एका जमातीचे नाव. आपण ते ठकाचे नाव केले. 'बेरड' हेही एका जमातीचे नाव. आपण त्याचा अर्थ निर्ढावलेला असा केला. भारी व्याज आकारणाऱ्या प्रत्येकाचे व्याज आपल्या भाषेत 'पठाणी' झाले. चिकटपणा दाखवावयाचा तर एका व्यापारी जातीचे नाव आपल्या जिभेवर तयारच असते. आणि या पत्राचे अनेक वाचक व्यापारी असल्याने त्यांस तो टोमणा कसा झोंबतो हे आम्ही सांगावयास नको. फार काय, आम्हां मराठवाडेकरांसही 'मागासलेला' हे विशेषण पुण्यामुंबईकडून इतक्या वेळा बहाल झाले आहे की, आमची मुले तिकडे शिकावयास गेली म्हणजे आपल्या बोलीचा हेल लपवू पाहतात. शिक्का बसला म्हणजे काय होते याचा अनुभव ज्यांस आहे, त्यांनीच दुसऱ्यावर शिक्का मारण्यात पुढाकार घ्यावा, हे नवल नव्हे काय?

ज्यांच्यावर हा शिक्का बसला ते लोक पूर्वी होते तरी कोण? आमच्या तालुक्याच्या आजूबाजूस ठिकठिकाणी बंजाऱ्यांचे तांडे आहेत. रेल्वे येण्यापूर्वी या देशातील मीठ व धान्य यांची वाहतूक लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून होत असे. मोठमोठ्या फौजांची रसद त्यांच्याच भरवशावर चाले. म्हणजे आजच्या अडत दुकानदाराचे ते पूर्वीचे भागीदारच म्हणावयाचे. आगगाडीने त्यांचा धंदा बुडविला, आणि ज्यांचा धंदा सरकारच्या धोरणाने बुडाला त्यांसच सरकारने भटके व संशयित ठरविले. रामोशी हे गावांचे व किल्ल्यांचे पहारेकरी. आमच्या पूर्वजांनी ज्यांच्या भरवशावर रात्री झोप घेतली, त्यांच्यातील उमाजी नाईक इंग्रजांविरुद्ध उठला व ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यास फासावर गेला. आणि पुढे त्याच्या जमातीच्या नावापुढे गुन्हेगारीचा शेरा पडला. वडारांनी दगड फोडले, विहिरी खणल्या, तलावांचे बांध घातले. ज्या रस्त्यावरून आपली मोटार धावते त्याची खडी त्यांच्या घामात भिजलेली आहे. कैकाड्यांनी टोपल्या विणल्या. त्या टोपल्यांत आपण भाकरी ठेविली, पण विणणाऱ्याला मात्र अंगणाच्या आत येऊ दिले नाही. महाराष्ट्र सरकारच्या यादीत विमुक्त जाती म्हणून चौदा जमाती नोंदल्या आहेत. त्यांतील बहुतेकांचा पूर्वेतिहास हा असा कष्टाचा, कसबाचा किंवा पहाऱ्याचा आहे.

आता, आपल्या कृतीने शिक्का खोटा पाडता येतो की नाही? येतो, आणि त्याची उदाहरणे इतिहासात आहेत. वायव्य सरहद्दीवरील पठाणांबद्दल इंग्रजांचे मत असे की, ही जात जन्मतःच रक्तपिपासू. त्या मतास धरून १९०१ साली त्यांच्यासाठी वेगळा सरहद्द गुन्हे कायदा केला होता, ज्यात एकाच्या अपराधाबद्दल साऱ्या टोळीस दंड करण्याची सोय होती. याच पठाणांतून खान अब्दुल गफारखान यांनी १९२९ साली खुदाई खिदमतगार, म्हणजे ईश्वराचे सेवक, ही स्वयंसेवकांची संघटना उभी केली. सूड न घेण्याची शपथ तर त्यांनी घेतलीच. पण तिच्याबरोबर रोज निदान दोन तास लोकसेवेस देण्याचीही प्रतिज्ञा केली. रोज दोन तास! २३ एप्रिल १९३० रोजी पेशावरच्या किस्सा ख्वानी बाजारात सरकारी गोळ्यांपुढे ते निःशस्त्र उभे राहिले, आणि त्यांच्यावर गोळी झाडण्यास गढवाली शिपायांच्या एका तुकडीने नकार दिला. पठाण म्हणजे सुरा, हे समीकरण त्या दिवशी कायमचे मोडले. पण ध्यानात ठेवावयाचे ते हे की, त्या एका दिवसाचे धैर्य रोजच्या दोन तासांच्या सेवेतून तयार झालेले होते.

इतके दूर तरी कशास जावे? आमच्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातील गहुली या गावी बंजारा कुटुंबात जन्मलेले वसंतराव नाईक १९६३ च्या डिसेंबरपासून १९७५ च्या फेब्रुवारीपर्यंत, सलग अकरा वर्षांहून अधिक काळ, महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते; त्यांचा जन्मदिवस, १ जुलै, हाच आज कृषिदिन म्हणून पाळला जातो. लातूर तालुक्यातील धनेगावचे लक्ष्मण गायकवाड यांनी, ज्या शब्दाने जग त्यांच्या जमातीस हिणवी तो 'उचल्या' हाच शब्द १९८७ साली आपल्या आत्मकथनाच्या मुखपृष्ठावर छापला, आणि १९८८ साली साहित्य अकादमीने त्या पुस्तकाचा गौरव केला. त्याआधी कैकाडी समाजातील लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'स १९८१ साली हाच मान मिळाला होता. बेळगावकडील भीमराव गस्ती यांनी तर 'बेरड' हेच नाव आपल्या पुस्तकास दिले, आणि आपल्या समाजाबरोबरच देवदासींच्या पुनर्वसनासाठी आयुष्य वेचले. अमरावती जिल्ह्यात मतीन भोसले या फासेपारधी शिक्षकाने आपली नोकरी सोडून २०१२ साली पारध्यांच्या मुलांसाठी मंगरूळ चव्हाळा येथे आश्रमशाळा काढली व तिचे नाव 'प्रश्नचिन्ह' असे ठेविले. ते प्रश्नचिन्ह आपल्याच तोंडासमोर धरलेले आहे, असे आम्ही समजतो.

आमच्या कंधारासही या बाबतीत अभिमान वाटावा असे उदाहरण आहे. भाई केशवराव धोंडगे यांच्या राजकारणाशी कोणाचे पटो वा न पटो. पण शंभरी ओलांडून १ जानेवारी २०२३ रोजी दिवंगत झालेल्या या गृहस्थाने, ज्यांस सगळे 'अडाणी' म्हणत त्या गुराख्यांचे साहित्य संमेलन भरविले. गुराख्याजवळ सांगण्यासारखे काही असेल ही कल्पनाच ज्यांस हास्यास्पद वाटत होती, त्यांस त्याचे म्हणणे बसून ऐकावे लागले. शिक्का पुसण्याची ही एक नामी रीत आहे: ज्याच्याविषयी आपण बोलत आलो, त्यालाच बोलू द्यावे.

शिक्का जातीवरच बसतो असे नव्हे. तो धर्मावरही बसतो, आणि तो बसण्यास पंधरा दिवस पुरतात. २०२० च्या मार्च महिन्यात महामारी आली तेव्हा दिल्लीतील एका धार्मिक मेळाव्याच्या निमित्ताने साऱ्या मुसलमान समाजास रोगाचे वाहक ठरविण्याची लाट देशभर उठली. ती ओसरली कशी? एक तर न्यायासनाने आपले काम केले. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २१ ऑगस्ट २०२० रोजी २९ परदेशी नागरिकांवरील गुन्हे रद्द केले आणि त्यांस बळीचा बकरा करण्यात आल्याचे मत नोंदविले. पण त्याआधीच मे महिन्यात इचलकरंजीच्या मुसलमान बांधवांनी ईदच्या खर्चास फाटा देऊन तेथील सरकारी रुग्णालयात अतिदक्षता विभाग उभारण्यासाठी ३६ लाख रुपये दिले होते. आणि ज्या प्रेतांजवळ सख्खे नातलगही जाण्यास धजेनात, त्यांस अनेक गावी मुसलमान तरुणांनी खांदा देऊन हिंदू रीतीने अग्नी दिला. न्यायालयाचा निकाल पुष्कळांनी वाचलाही नसेल. खांदा दिलेला मात्र त्या त्या गल्लीने डोळ्यांनी पाहिला.

येथे कोणी असे म्हणेल की, 'मग ठीक झाले. ज्यांच्यावर शिक्का आहे त्यांनी अशीच सत्कृत्ये करावी, आपली लायकी सिद्ध करावी, म्हणजे आम्ही त्यांस आपले म्हणू.' हा युक्तिवाद दिसावयास गोड आहे, पण आम्हांस तो मुळीच मान्य नाही. जे कर्ज माणसाने काढलेच नाही, त्याचे व्याज त्याने रोज आपल्या चांगुलपणाने फेडावे, असे सांगण्यासारखे ते आहे. व्यापारी वाचकांस विचारतो: दुसऱ्याने तुमच्या नावे लिहून ठेविलेली खोटी हुंडी तुम्ही सकाराल काय? सर्वसाधारण माणसास साधारण राहण्याचा हक्क असतो. त्याने पाकीट परत केले नाही, रुग्णालय बांधले नाही, पुस्तक लिहिले नाही, तरी तो चोर ठरत नाही. तोच हक्क पालातल्या माणसास असला पाहिजे. सत्कृत्य हे माणसाचे भूषण आहे. ते त्याच्या नागरिकत्वाचे शुल्क होता कामा नये. यास्तव सेवेचा पहिला भार शिक्का बसलेल्यावर नसून तो मारणाऱ्यावर आहे, म्हणजे तुम्हां-आम्हांवर आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दुसरा आक्षेप असा की, 'संकट आले म्हणजे आम्ही जातपात पाहत नाही.' हे खरे आहे, आणि मराठवाड्याने ते दाखविलेही आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला, सुमारे दहा हजार माणसे गेली. त्या ढिगाऱ्यांतून हात बाहेर दिसला तेव्हा तो कोणाचा हे कोणी विचारले नाही. भारतीय जैन संघटनेने तेथील बाराशे मुले शिक्षणासाठी पुण्यास नेली. ज्या समाजास जग केवळ नफ्याचा हिशेब करणारा म्हणते, त्यातूनच हे काम उभे राहिले, हे टोमणे मारणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. पण पुढे काय झाले? बावन्न गावे नव्या जागी वसविली गेली, तेव्हा घरे मिळाली ती जमिनीच्या मालकीवरून: भूमिहीनास अडीचशे चौरस फूट, मोठ्या जमीनदारास साडेसातशे. जुन्या गावात ज्याची पायरी खालची, नव्या गावातही त्याची पायरी खालचीच राहिली. भूकंपाने दगडमातीच्या भिंती पाडल्या. मनातल्या भिंती पाडणे हे भूकंपाचे काम नव्हे. संकटातील बंधुभाव हा पुराच्या पाण्यासारखा असतो, तो येतो तसा ओसरतो. शेत भिजवावयाचे तर रोज पाट धरावा लागतो. गाडगेमहाराजांनी हेच केले. अंगावर चिंध्या पाहून गाव त्यांस भिकारी समजे. ते मात्र आल्याआल्या खराटा हाती घेऊन त्याच गावाचे रस्ते झाडीत. त्यांनी भूकंपाची वाट पाहिली नाही.

तेव्हा कंधारच्या सुशिक्षितांनी व व्यापाऱ्यांनी रोज करण्यासारखे काय आहे, ते आम्ही थोडक्यात सांगतो. पहिली गोष्ट कागदाची. विमुक्त व भटक्या जमातीच्या माणसास जातीचा दाखला काढावयाचा तर २१ नोव्हेंबर १९६१ या तारखेपूर्वीचा वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. ज्याच्या आजोबास एका गावी तीन रात्रींहून अधिक टिकू दिले नाही, त्याच्या नातवाकडे आपण त्या आजोबाचा पत्ता मागतो! दाखला नाही म्हणून शिष्यवृत्ती नाही, शिष्यवृत्ती नाही म्हणून शाळा नाही, आणि शाळा नाही म्हणून पुन्हा तोच शिक्का. तालुक्यातील वकील, शिक्षक व निवृत्त कारकून यांनी आठवड्यातून एक सकाळ तहसील कचेरीच्या आवारात बसून, जुन्या शाळेचे उतारे व जन्ममृत्यूच्या नोंदी शोधून देण्याचे काम पत्करले, तर किती तरी मुलांची वाट मोकळी होईल. यास पैसा लागत नाही. अक्षरओळख व चिकाटी लागते, आणि ती आपल्याजवळ आहे.

दुसरी गोष्ट न्यायाची. गावात चोरी झाली की पहिली झडती पालांची, हा जुना शिरस्ता आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, पत्रकार सुकन्या शांता यांच्या अर्जावर निकाल देताना, तुरुंगांतील कामाची जातीवार वाटणी घटनाबाह्य ठरविली, कैद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढण्यास सांगितले, विमुक्त जमातींच्या लोकांस जातीवरूनच 'सराईत गुन्हेगार' समजणारे नियम रद्द केले, आणि त्यांची मनमानी अटक होऊ नये असे पोलिसांस बजाविले. १८७१ च्या कायद्याची भुते २०२४ पर्यंत तुरुंगांच्या नियमावलीत राहत होती, हे यावरून दिसते. पण हा निकाल पालापर्यंत पोहोचविणार कोण? १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यान्वये अटकेतील प्रत्येक माणसास व अनुसूचित जमातीच्या व्यक्तीस फुकट वकील मिळण्याचा हक्क आहे, आणि महाराष्ट्रात फासेपारधी हे अनुसूचित जमातीत येतात. आमच्या व्यवसायबंधूंनी रात्री-अपरात्री ठाण्यावर जाऊन एवढा एक हक्क जरी बजावून दिला, तरी आमच्या काळ्या डगल्याचे सार्थक होईल.

तिसरी गोष्ट व्यापाऱ्यांची. माळेगावची खंडोबाची यात्रा आता लोहा तालुक्यात मोडत असली तरी ती आपल्या या मुलखाचीच. देशभरचे भटके तेथे पिढ्यान्‌पिढ्या जमतात, घोड्यागाढवांचे व्यवहार तोंडी शब्दावर होतात, आणि तो शब्द पाळला जातो. हे आमच्या अडत्यांनी स्वतः पाहिलेले आहे. ज्याच्या शब्दावर यात्रेत जनावर घेता, त्याच्या पोरास दुकानात नोकर ठेवावयास का कचरता? आमचे सांगणे आहे की, प्रत्येक मोठ्या दुकानदाराने असा एक तरी तरुण ठेवावा. आणि ठेवावयाचा तो गोणी उचलण्यास नव्हे, तर हिशेबास व उधारीच्या वसुलीस ठेवावा. गल्ल्याची किल्ली ज्याच्या हाती दिली, त्याच्याविषयी गावाचे मत बदलण्यास व्याख्यान लागत नाही.

चौथी गोष्ट स्वयंसेवेची. कंधारात हाजी सय्याह सरवर यांच्या दर्ग्याचा उरूस भरतो, उन्हाळ्यात पाण्याची टंचाई पडते, आणि आमचा राष्ट्रकूटकालीन किल्ला व जगत्तुंग सागर हे झाडलोटीची व देखरेखीची वाट पाहत असतात. या कामांसाठी जी पथके निघतील त्यांत बाजारातली, तांड्यातली, पालातली व मोहल्ल्यातली मुले एकाच रांगेत असावी. आणि पथकाची नायकी पाळीपाळीने प्रत्येकाकडे यावी. एका टोकास उपकार करणारे व दुसऱ्या टोकास उपकार घेणारे अशी सेवा शिक्का पुसत नाही, उलट तो गडद करते. एकच घमेले जेव्हा दोन हातांतून जाते, तेव्हा त्या दोन हातांची ओळख होते.

पाचवी गोष्ट आम्हां पत्रकर्त्यांची. चोरीच्या बातमीत आरोपीच्या नावापुढे त्याची जमात छापण्याचे प्रयोजन नाही. वाण्याची, ब्राह्मणाची किंवा मराठ्याची जात बातमीच्या मथळ्यात येत नसेल, तर पारध्याचीही येऊ नये. एवढा नियम साऱ्या पत्रांनी पाळावा, अशी आमची विनंती आहे.

शेवटचा आक्षेप राहिला: 'तुम्ही काहीही म्हणा, चोऱ्या होतात त्याचे काय?' त्यास आमचे उत्तर एका वाक्यात देण्यासारखे आहे. ज्याने चोरी केली त्यास, तो कोणीही असो, पुराव्यानिशी पकडावे व कायद्याने शिक्षा द्यावी. त्याच्या शेजाऱ्यास, भावास व पाळण्यातल्या पोरास देऊ नये. आम्ही दया मागत नाही. जो न्याय वाचक स्वतःसाठी मागतात तोच, त्याच मापाने, दुसऱ्यास मिळावा, एवढेच आमचे मागणे आहे. आपल्या तागडीत दोन मापे ठेवणाऱ्या दुकानदारास वजनमापाचा निरीक्षक दंड करतो. मनाच्या तागडीवर असा निरीक्षक नेमलेला नाही, म्हणून ती आपली आपणच तपासावयाची आहे.

स्वातंत्र्य उशिरा मिळाल्याचे दुःख कंधारकरांस कोणी शिकवावयास नको. म्हणूनच या कामात कंधारने मागे राहू नये, अशी आमची अपेक्षा आहे. सरकारने १९५२ साली एका कागदावर सही करून आपल्या हाताचा शिक्का पुसला. आपल्या हातचा शिक्का पुसण्यास आपल्याला सहीची गरज नाही, ठरावाची नाही, वर्गणीचीही नाही. उद्या सकाळी दुकान उघडताना दाराशी जो माणूस येईल, त्याची जात विचारण्याआधी त्याचे नाव विचारावे, आणि पुढचा व्यवहार त्या नावाशी करावा. येथून आरंभ झाला तरी पुष्कळ झाले.